भाच्याची समशेर

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते ती कानस, हातोडी, करवत आणि माझ्या जुन्या व्हर्निअरची. तीस वर्षे आय.टी.आय.मध्ये पोरांना लोखंड घासायला शिकवले. आमच्या घराण्यात कधी काळी तलवार होती असे कोणी सांगत नाही, आणि मीही तशी थाप कधी मारलेली नाही. दोन वर्षांपूर्वी असाच झेंडू वाहून, हळदकुंकू लावून हात जोडतो न जोडतो तोच ओहायोहून भाच्याचा फोन आला.

"मामा, मी तलवार घेतली!"

मला वाटले, पोराला तिकडची थंडी बाधली.

"कसली तलवार?"

"घोडदळाची. इंग्रजी. १७९६ सालची. म्हणजे तिची नक्कल हो. आणि किंमत ऐका. सत्तर डॉलर!"

हा माझा भाचा चाळिशीला आलेला, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा, एका मुलीचा बाप. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की माडीवरच्या पडद्याच्या दांड्या काढून तलवारबाजी करायचा. आता तिकडे जुन्या तलवारींच्या पुस्तकांवरून ती विद्या शिकणारे एक मंडळ त्याला सापडले होते. वय वाढते, पण दांडी काही हातातून सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कौतुक करावे की रागे भरावे हे ठरेना, म्हणून मी माझ्या सवयीचा प्रश्न विचारला. "पोलाद कोणते?"

"स्टेनलेस, मामा. गंजायची भीतीच नाही!"

माझ्या पोटात गोळा आला.

वाचकहो, स्टेनलेसशी माझे वैर नाही. आपली ताटेवाट्या, आपली सुरी, डॉक्टरांची कात्री, सारे त्याच्यावर चालते. पण सुरीचे पाते वीतभर असते आणि ते आंबा कापते. तलवारीचे पाते असते दोन हात, आणि ते जोराने जाऊन कशावर तरी आदळायचे असते. आदळल्यावर त्याने वाकावे, थरथरावे आणि पुन्हा सरळ व्हावे. हा गुण मालमोटारीच्या पाट्याच्या पोलादात असतो. त्याला पाणी पाजून, मग बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवला म्हणजे तो येतो. भिंतीवरच्या स्टेनलेस तलवारीत तो आणण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. तिला फक्त चकाकायचे असते.

मी म्हटले, "बाबा रे, भिंतीवर टांग आणि नमस्कार कर. फिरवू नकोस."

तो "हो हो" म्हणाला. भाच्यांचे "हो हो" कसे असते ते मामांना ठाऊक असते.

आठव्या दिवशी फोन आला तो सुनेचा. "मामा, तुम्हीच आता यांना समजवा," एवढे बोलली आणि तिचा आवाज कापरा झाला. झाले होते असे. रविवारी सकाळी या वीराने मागच्या अंगणात स्टुलावर पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मांडल्या. पहिला वार बाटलीला लागला आणि बाटली उडाली. दुसरा वार केला तेव्हा हातात राहिली नुसती मूठ. पाते गेले कुठे म्हणून पाहतात तो झोपाळ्यापासून चार पावलांवर हिरवळीत रुतून उभे. पाचच मिनिटांपूर्वी त्या झोपाळ्यावर सात वर्षांची मुलगी बसली होती. दूध प्यायला तिला आईने आत बोलावले होते.

त्या मोडक्या पात्याचे छायाचित्र मी मागवून घेतले. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला आपण देठ म्हणू, कानशीला असतो तसा. हा देठ म्हणजे करंगळीपेक्षा बारीक एक सळई होती, आणि ती पात्याला नुसती झाळलेली! मोड त्या झाळणीवरच होता; करडा, रवाळ, मोडलेल्या खडीसाखरेसारखा. पहिल्या वर्षाच्या पोराने असे काम केले असते तर मी त्याला उन्हाळी सुट्टीत बोलावून पुन्हा करायला लावले असते. विकणाऱ्याचे नाव मी विचारले नाही. पेटीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'फक्त शोभेसाठी' असे छापलेले होते म्हणे, तेव्हा त्याने आपले अंग काढून घेतलेच होते.

मला वाटले, खूळ गेले. पण पंधरा दिवसांनी भाचा खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, मला तलवार घ्यायचीच आहे. पण या वेळी तुम्ही सांगाल तशी." एवढ्या शरणागतीनंतर मामाने काय करायचे? शिवाय, खरे सांगतो, त्या देठाने माझ्याही डोक्यात घर केले होते. आम्ही दोघे अभ्यासाला बसलो.

ही १७९६ ची तलवार म्हणजे इंग्रजांच्या हलक्या घोडदळाची. तिच्यामागे जॉन गॅस्पर्ड ल मार्शंट नावाचा एक घोडदळ अधिकारी होता. १७९३ पासून फ्लँडर्समध्ये फ्रेंचांशी लढताना त्याने पाहिले की आपल्या स्वारांची तलवार अवजड, आणि ती चालवायची कशी हे कोणी धड शिकवलेले नाही. घाईत फिरवलेल्या तलवारीने स्वार स्वतःला नाही तर स्वतःच्याच घोड्याला जखमी करीत. सांगतात की एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने तोंडावर त्याला ऐकवले होते, तुमची तलवारबाजी पाहून लाकूडतोड्याची आठवण होते! ते त्याच्या जिव्हारी लागले असावे. परतल्यावर त्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बर्न या तलवारवाल्याला हाताशी धरले आणि तुर्क, मामलुक, हंगेरियन यांच्या वक्र पात्यांचे गुण डोळ्यांपुढे ठेवून नवी समशेर बेतली. त्याच वर्षी ती चालवण्याचे नियमही पुस्तकरूपाने निघाले. प्रशियाने १८११ साली जवळजवळ तशीच तलवार आपल्या स्वारांना दिली. ल मार्शंट स्वतः १८१२ च्या जुलैत स्पेनमध्ये सालामांकाच्या लढाईत, आपल्या स्वारांच्या यशस्वी हल्ल्यात पुढे असताना, गोळी लागून पडला. तलवार मात्र १८२१ चा नवा नमुना ठरेपर्यंत सरकारी राहिली, आणि तिची खरी कीर्ती आपल्याच मुलखात व्हायची होती; ते पुढे येईल.

दिसायला ती साधी आहे. सुमारे ३३ इंचांचे चांगले बाकदार पाते, त्याच्या दोन्ही अंगांना रुंद पन्हळ, टोकाकडे किंचित पसरट होत जाणारे आणि एकदम उतरणारे अग्र. मुठीला लोखंडाचा एकच वाकडा पट्टा, बोटांचे रक्षण करणारा, रिकिबीसारखा दिसतो. लोखंडी म्यान, त्याला दोन कड्या. नक्षी नाही, पितळ नाही. म्हणून तर नक्कल करणारे तिच्यावर तुटून पडतात. त्यांना वाटते, यात अवघड ते काय?

अवघड आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ते व्हर्निअरला दिसते.

भाच्याच्या मंडळातल्या एका वृद्ध गृहस्थाकडे दोनशे वर्षांपूर्वीची अस्सल तलवार होती. भाच्याला मी बजावले, माप घेऊन ये. लांबी-रुंदी नको, जाडी. त्याने मापे आणली. पात्याची पाठ मुठीपाशी सुमारे ९ मिलिमीटर, मध्यावर ५, आणि टोकाच्या अलीकडे चार बोटांवर अवघी २. म्हणजे रुंदी टोकाकडे वाढते, पण जाडी उतरत उतरत कागदासारखी होते. सबंध तलवारीचे वजन किलोच्या आतबाहेर. आणि त्याची ती सत्तर डॉलरांची? मुठीपासून टोकापर्यंत ४ मिलिमीटर, एकसारखी. पत्र्यातून कापून काढली आणि कडा घासली, संपले.

याने काय बिघडते? क्रिकेट खेळलेल्यांना लगेच कळेल. दोन बॅटी तराजूत सारख्याच भरतात. एक उचलली की चेंडूमागे आपोआप जाते, दुसरी उचलली की मनगट म्हणते, नको. वजन किती हा प्रश्न दुय्यम. ते कुठे आहे हा खरा प्रश्न. अस्सल तलवारीत पोलाद मुठीकडे साठवलेले असते, म्हणून तोल मुठीच्या पुढे पाच-सहा इंचांवर येतो आणि टोक चपळ राहते. एकसारख्या जाडीच्या पात्यात, त्यातून टोक पसरट, तोल पुढे सरकतो. मग समशेर राहत नाही. ऊसतोडीचा लांबडा कोयता होतो. कोयता चांगलाच असतो, पण उसाला. वार चुकला तर तो मागे घेता आला पाहिजे, आणि घोड्यावरच्या माणसाला चुकलेला वार मागे घेता येणे म्हणजे स्वतःचा जीव आणि घोड्याचा कान, दोन्ही वाचणे.

मग पात्याला असा उतार नकलाकार देत का नाहीत? कारण उतार म्हणजे मजुरी. जाड पट्टीपासून सुरुवात करायची आणि तासन् तास घासून किंवा ठोकून ती उतरवायची. स्वस्त मालात नेमके हेच तास वाचवलेले असतात. चकाकी स्वस्त पडते, उतार महाग.

आता आम्हाला पाहिजे होते ते या दोहोंच्या मधले. अस्सल जुनी तलवार घेणे भाच्याला परवडणारे नव्हते. शिवाय दोन शतके टिकलेली वस्तू बाटल्यांवर मारणे मला पाप वाटते. तो ऐतिहासिक दस्तऐवज आहे, त्याला तेल लावावे आणि सांभाळावा. तेव्हा नक्कलच, पण धड. मी विकणाऱ्यांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. ग्रॅममध्ये वजन किती? तोल मुठीपासून कुठे? पाठीची जाडी तीन ठिकाणी सांगा. देठ पात्याच्या अंगचाच आहे की जोडलेला? तो मुठीच्या पलीकडे काढून ठोकून बसवला आहे की नटाने आवळला आहे? गंमत पाहा, ज्यांनी उत्तरेच दिली नाहीत त्यांचा माल तिथेच कळला. एकाने लिहिले, आमची तलवार 'लढाईला तयार' आहे. अरे बाबा, मी तुला मिलिमीटर विचारतोय!

एका दुकानाने मात्र तिन्ही जाड्या कळवल्या: ७, ५ आणि ३. पाते कमानीच्या पोलादाचे, देठ अंगचा. किंमत पावणेतीनशे डॉलर. भाचा म्हणाला, "मामा, चौपट!" मी म्हटले, "झोपाळा आठव." त्याने पैसे भरले.

पेटी आली तेव्हा त्याने मला फोनवर दाखवत दाखवत ती उघडली. आतल्या पुठ्ठ्यावर शिक्का होता, 'मेड इन इंडिया'. आम्ही दोघे इतके हसलो की सून बाहेर आली. इंग्रजाची तलवार, घेणारा अमेरिकेत, पारखणारा पुण्यात आणि घडवणारा आपल्याच देशातला कुणी कारागीर! पुढे चौकशी करता कळले की यात नवल काहीच नाही. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक, नाटक-सिनेमावाले, जुन्या लढायांचे देखावे करणारे यांना लागणाऱ्या परवडण्याजोग्या तलवारींत आपल्याकडच्या मालाचा वाटा फार मोठा आहे. देहरादूनसारख्या गावी गुरख्यांच्या कुकऱ्यांपासून निघालेले काम तलवारींपर्यंत पोचले. खुद्द इंग्लंडात विल्किन्सनचा प्रसिद्ध तलवारींचा कारखाना २००५ साली बंद झाला.

तलवार कशी होती? प्रामाणिकपणे सांगतो. अस्सलाच्या तोडीची नव्हे. टोक अजूनही मिलिमीटरभर जाड, त्यामुळे हातात किंचित पुढे ओढते. मुठीवरचे चामडे एका जागी सुटलेले. म्यान सैल, पालथे केले तर तलवार आपण होऊन बाहेर येईल, आणि ते काही शूरपणाचे लक्षण नव्हे. पण पाते वाकवले तर वाकले आणि सोडले तर सरळ झाले. मुठीच्या टोकाशी देठाचे ठोकलेले डोके स्वच्छ दिसत होते. ही त्या तलवारीची सख्खी बहीण नसेल, पण गोत्रातली आहे. पहिली होती ती तिचे सोंग घेऊन आलेली कोणी परकी.

इथे तरुण वाचकांना एक गोष्ट बजावून ठेवतो, नाही तर माझा लेख वाचून कोणी पोलीस चौकीत जाऊन बसायचा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम तलवारीला शस्त्रच मानतात, आणि कुठे परवाना लागतो, कुठे बंदी आहे हे जागेवर आणि वेळेवर अवलंबून असते. टपालाने तलवार मागवून गोत्यात आलेल्यांच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत. पैसे भरण्याआधी ठाण्यात जाऊन विचारावे. त्यात कमीपणा नाही. इंग्लंडातही २००८ पासून ५० सेंटिमीटरहून लांब वक्र पात्याच्या तलवारी विकण्यावर बंदी आहे. जुन्या, हाताने पारंपरिक रीतीने घडवलेल्या किंवा ऐतिहासिक देखाव्यांसाठीच्या तेवढ्या सुटतात. ल मार्शंटच्या देशात ल मार्शंटच्या तलवारीला नियम लागावा हे मला तरी योग्यच वाटते. ती कापण्यासाठी बेतलेली वस्तू आहे.

किती कापते, याची साक्ष एका इंग्रज कप्तानाने लिहून ठेवली आहे, आणि ती आपल्या दख्खनची आहे.

लुई नोलन हा १५व्या हुसार पलटणीचा अधिकारी. हिंदुस्थानात होता, १८५३ साली त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिले आणि पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८५४ ला, बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध आत्मघातकी हल्ल्यात तो पडला. त्या पुस्तकात तो सांगतो की निजामाच्या घोडेस्वारांची रोहिल्यांशी एक चकमक झाली. स्वार संख्येने थोडे, तरी त्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. डॉक्टरांचा अहवाल नोलनने वाचला तर एकेका वारात हात खांद्यापासून तुटलेला, मुंडके धडावेगळे, असल्या नोंदी. त्याला वाटले, या स्वारांजवळ काही विलक्षण पाती असणार. ती पाहायला तो उत्सुक होता, आणि तशी संधीही आली. पाहतो तर काय, इंग्रज फौजेने बाद करून टाकलेल्या जुन्या तलवारींची पाती! पाती तीच, मूठ मात्र स्वारांनी आपल्या पद्धतीची, छोटी, धातूची बसवून घेतलेली. आणि धार मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी.

हेच पाते इंग्रज शिपायाच्या कमरेला बोथट का, आणि यांच्या कमरेला वस्तरा का? नोलनने एका म्हाताऱ्या स्वाराला खोदून खोदून विचारले. वार कसा करता? जोरात करतो. सराव कोणता? काही नाही. तलवारीला धार कशी राखता? तिला आम्ही हात लावत नाही. लढाईशिवाय ती म्यानातून निघतच नाही. आणि ते म्यान लाकडाचे होते.

सारी मेख तिथे होती. इंग्रजी म्यान लोखंडाचे. कवायतीला रोज तलवार काढा, घाला, काढा, घाला. प्रत्येक वेळी धार लोखंडावर घासते. घोड्याच्या दुडक्या चालीवर पाते आत खडखडते ते वेगळेच. आमच्या कार्यशाळेत कोणी कानशीवर कानस टाकली की मी ओरडायचो, त्याचे हेच कारण. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबेजोगाई, या गावी निजामाच्या फौजेच्या छावण्या होत्या. तिथल्या अंगठेबहाद्दर स्वाराला जे कळत होते ते लंडनच्या कचेरीला कळायला फार दिवस लागले. परदेशी पाते घेऊन देशी मूठ बसवायची चाल आपल्याकडे त्याच्याही आधीची. 'फिरंग' या तलवारीचे नावच त्यावरून पडले. पाते कुठलेही असो, ते सांभाळायचे कसे हे हातावर होते.

मी ही हकिकत फोनवर भाच्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, लाकडाचे म्यान करायला किती दिवस लागतील?"

गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो तेव्हा ते काम आम्ही दोघांनी मिळून केले. पॉप्लर नावाचे तिकडचे मऊ, सरळ रेषांचे लाकूड आणले. दोन फळ्या, प्रत्येकीत पात्याच्या बाकाप्रमाणे अर्धी खाच. धारेच्या बाजूला जागा थोडी मोकळी ठेवायची, म्हणजे पाते पाठीवर टेकते आणि धार कशालाच लागत नाही. पहिली जोडी मी बिघडवली, बाक चुकला. दुसरी जमली. सरसाने चिकटवून वर सुनेच्या जुन्या चामडी पिशवीचे कातडे चढवले. ते तिने आपण होऊन दिले, यावरून घरातले हवामान निवळल्याचे मी ताडले. पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा हात दिला. आणि तलवार कपाटात, कुलपाच्या आत. किल्ली सुनेकडे.

अंगणात वार करायचे ते मंडळाच्या जागेवर, मुले नसताना, आणि प्रत्येक खेपेला आधी मूठ हलवून पाहून, हे कलम मी घातले.

लोखंडी म्यान मात्र त्याने दिवाणखान्यात खिळ्यावर टांगले आहे. येणारे पाहुणे ते रिकामे बघतात आणि विचारतात, आतली तलवार कुठे गेली? सात वर्षांची होती ती आता नऊ वर्षांची आहे, ती सांगते, "ती आजोबांच्या पिशवीत झोपलीय." पिशवी आईची होती, हे मी तिला दोनदा सांगून पाहिले.